पायताण नव्हे, पाइतान : गोव्यात फ्रेंच-जपानी रामेन पहिल्यांदा खाताना

डिचोलीच्या मामांना मी पहिल्यांदा आसगावला रामेन, म्हणजे रश्श्यातल्या जपानी नूडल्स, खायला घेऊन गेले, तेव्हा मेनूकार्डावरचं दुसरंच नाव वाचून ते अडले. ‘तोरी पाइतान’. चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, “अगो, पायताणं मी बाहेर काढून आलो. इथं ताटात वाढतात काय ती?” शेजारच्या टेबलावर पुण्याची मंडळी होती, त्यांना ठसका लागला.

तोरी म्हणजे कोंबडी आणि पाइतान म्हणजे पांढरा रस्सा. कोंबडीची हाडं रटारटा, खळखळत्या उकळीवर तासन् तास शिजवली की त्यातली चरबी आणि पाणी घुसळून एकजीव होतात आणि रस्सा दुधासारखा पांढरट, दाटसर होतो. वाडगा समोर आल्यावर मामांनी चमचाभर चाखला, दोन क्षण गप्प बसले आणि म्हणाले, “ही तर हाडांची पेज गो!”

तेव्हापासून सासूबाई, बहीण, ऑफिसातल्या तिघी अशा बऱ्याच जणांना मी तिथं नेलं आणि प्रत्येकीचे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच निघाले. म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी शेफ नाही. फोंड्यात राहते, खायला आवडतं आणि खाल्लेलं कशापासून झालं हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आधी हे नक्की आहे काय

आपल्या पिढीला रामेन म्हटलं की मोठ्या वाडग्यातली मॅगी वाटते. त्यात आपली चूक नाही. मॅगी भारतात १९८३ साली आली, आणि गरम पाणी ओतलं की तयार होणाऱ्या नूडल्सची कल्पना जपानच्या मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्येच बाजारात आणली होती, तीही चिकन रामेनच्याच रूपात. पण मूळ रामेन त्याच्या कितीतरी आधीचं. चिनी स्वयंपाक्यांनी जपानच्या बंदरांत आणलेल्या गव्हाच्या नूडल्स, त्या हळूहळू जपानी चवीच्या झाल्या. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली ‘राइराइकेन’ नावाचं दुकान निघालं, तिथून या पदार्थाला शहरभर पाय फुटले. आजही जपानात रामेन हे टपरीचं, स्टेशनाजवळचं, नोकरदारांचं जेवण आहे. आपल्याकडच्या मिसळीसारखं. प्रत्येक गावाचा आपला रस्सा आणि प्रत्येकाला आपलाच रस्सा खरा वाटतो.

मग यात फ्रेंच कुठून आले?

दोन्ही स्वयंपाक रश्श्यावर उभे आहेत म्हणून. फ्रेंच स्वयंपाकी सकाळी पहिलं काम करतो ते हाडं भट्टीत भाजून, कांदा-गाजर-सेलरीबरोबर मंद आचेवर कित्येक तास शिजवत ठेवण्याचं. त्याची बरीचशी सॉसं त्या पाण्यातून निघतात. जपानी स्वयंपाकी उलट्या बाजूनं येतो. त्याचं ‘दाशी’ अर्ध्या तासात होतं : कोम्बू नावाचं वाळवलेलं समुद्रशैवाल कोमट पाण्यात आणि वर कात्सुओबुशी, म्हणजे कुप्याच्या (ट्यूनाच्या) जातीचा मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवून काढलेले पातळ काप. वेळ इथंही लागतोच, पण तो स्वयंपाकघरात लागत नाही, मासा वाळवणाऱ्याकडे आधीच लागून गेलेला असतो.

१९०८ मध्ये किकुनाए इकेदा या टोकियोच्या रसायनशास्त्रज्ञानं या कोम्बूच्या पाण्यातूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. पुढच्याच वर्षी ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात विकायला आलं, आजीनोमोटो या नावानं. म्हापशाच्या चायनीज गाड्यावर “भैया, आजीनोमोटो नको” म्हणणारे आपण रामेनच्या दुकानात कोम्बूच्या रश्श्याला मात्र मिटक्या मारतो, याची मला गंमत वाटते. रेणू तोच.

फ्रेंच आणि जपानी शेफ गेली पन्नास-साठ वर्षं एकमेकांच्या स्वयंपाकघरात ये-जा करताहेत. ओसाकातलं त्सुजी पाकशास्त्र विद्यालय १९६० पासून फ्रेंच पद्धत शिकवतं. मिशलँ ही टायरची फ्रेंच कंपनी, तिनं आपली टोकियोची खाद्यपुस्तिका २००७ मध्ये काढली. २०१५ च्या डिसेंबरात त्याच पुस्तिकेत ‘त्सुता’ नावाच्या टोकियोतल्या चिमुकल्या रामेनच्या दुकानाला तारा मिळाला. असा तारा मिळवणारं ते पहिलं रामेनचं दुकान, आणि तिथल्या सोया-रश्श्यावर ट्रफलचा सुगंध असायचा. ट्रफल ही जमिनीखाली उगवणारी महागडी अळंबी, फ्रेंच लोकांच्या जिव्हाळ्याची. तेव्हा हे मिश्रण गोव्यात कुणाच्या डोक्यातून परवा निघालेलं नाही.

गोव्यात मला या मिश्रणाची चार रूपं भेटली आहेत. एक : डुकराच्या मांसाच्या कापांऐवजी बदकाची तंगडी, तिच्याच चरबीत मंद शिजवून मऊ केलेली, म्हणजे फ्रेंचांची ‘कोंफी’. दुसरं : सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, डोकी-कवचं लोण्यात भाजून, टोमॅटो आणि थोडी ब्रँडी घालून काढलेला ‘बिस्क’ हाच रामेनचा रस्सा. तिसरं : तासभर परतून तपकिरी केलेला कांदा आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. चौथं मला सगळ्यांत आवडतं, ‘कोंसोमे’. फेटलेला अंड्याचा पांढरा बलक थंड रश्श्यात मिसळून मंद आचेवर ठेवतात. तो वर येतो, साय धरतो आणि येताना सगळा गाळ ओढून आणतो. खाली उरतं चहाच्या रंगाचं स्वच्छ पाणी. साखरेच्या पाकात दूध घालून आपण मळी काढतो ना, तसंच.

वाडग्यावर लोण्याचा तुकडा दिसला की “हे फ्रेंच” असं समजू नका. जपानच्या उत्तरेला, दूधदुभत्याच्या होक्काइदोत, मिसो रामेनवर लोणी आणि मका घालतात. ते अस्सल जपानीच आहे.

निघण्याआधी

फोन करा. अशी ठिकाणं लहान असतात. आसगाव, शिवोली, हणजूण किंवा पणजीतल्या एखाद्या जुन्या घराच्या दोन खोल्या आणि बाल्कांव, म्हणजे पुढची ओसरी, वीस-पंचवीस खुर्च्या. आठवड्यातला एक दिवस बंद, दुपारी तीन ते सात बंद, आणि पावसाळ्यात मालकाच्या मर्जीनं महिना-दीड महिना बंद. रस्सा संपला की दुकान संपलं, हेही खरं. तो ऐनवेळी वाढवता येत नाही. शनिवारी रात्री नऊला जाऊन हात हलवत परत आलेली मीच.

फोंडा किंवा मडगावहून उत्तरेला जाणार असाल तर पर्वरीला अडकण्याचा वेळ धरा. रात्री परतीच्या बसवर विसंबू नका, आणि टॅक्सी हवी असेल तर तिथं पोचण्याआधीच परतीची ठरवून टाका. आसगावच्या आतल्या रस्त्यांवर साडेदहा वाजता टॅक्सी शोधणं म्हणजे अमावास्येला चांदणं शोधणं. स्वतःची गाडी असेल तर शेवटचं शंभर मीटर चालायची तयारी ठेवा, तिथं दोन गाड्या समोरासमोर आल्या की कुणातरी एकाला शेतात उतरावं लागतं.

कधी जावं? माझं मत विचाराल तर आषाढात. एप्रिल-मेच्या घामात उकळत्या रश्श्याचा वाडगा समोर घेणं ही शिक्षा आहे, एसी कितीही असो. पण एक लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘आजची ताजी मासळी’ असं फळ्यावर लिहिलं असेल तर कुठली, हे विचारायला लाजू नका. वाळवलेल्या माशाच्या दाशीला या बंदीचा काही फरक पडत नाही.

कपड्यांचं काही नाही. पांढरा शर्ट तेवढा घालू नका.

बसल्यावर पहिले तीन प्रश्न

हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

मामींचा गुरुवार होता. त्या दिवशी त्या शिवराक, म्हणजे शाकाहारी. मेनूकार्डावर ‘मशरूम रामेन’ आणि पुढे हिरवा ठिपका बघून आम्ही निर्धास्तपणे मागवलं. मामींना आवडलंही. अर्धा वाडगा संपल्यावर मी सवयीनं विचारलं की एवढी चव कशाची, तर वाढणारा मुलगा अभिमानानं म्हणाला, “मॅडम, तारे में बोनिटो है.” तारे म्हणजे वाडग्याच्या तळाचा खारट अर्क आणि बोनिटो म्हणजे तोच वाळवलेला मासा. मामींनी चमचा खाली ठेवला. आरडाओरडा केला नाही, नुसतं पाणी प्यायल्या आणि घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. त्या मुलाची लबाडी नव्हती. वर मांस-मासळीचा तुकडा नाही म्हणजे शाकाहारी, एवढीच त्याची समजूत. चूक स्वयंपाकघराची, आणि थोडी माझीही, कारण मी उशिरा विचारलं.

म्हणून वाडग्यात काय काय असतं ते आधी समजून घ्या. रामेन पाच थरांचं असतं. सगळ्यांत खाली ‘तारे’, म्हणजे खारट अर्क : मिठाचा असला तर शिओ, सोया सॉसचा असला तर शोयू, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा असला तर मिसो. त्यावर चमचाभर सुगंधी तेल. मग रस्सा, जो स्वतः जवळजवळ अळणी असतो. मग नूडल्स. मग वरची सजावट. मांस-मासळी यांतल्या कुठल्याही थरात लपू शकते आणि सजावटीत सगळ्यांत कमी लपते, कारण ती दिसते.

तर पहिला प्रश्न : “तारे, तेल आणि रस्सा, तिन्ही शाकाहारी आहेत का?” तिन्ही नावं घेऊन विचारा. नुसतं “व्हेज आहे ना?” विचारलंत तर उत्तर “हो” असंच येतं. सुगंधी तेल बऱ्याचदा कोंबडीच्या चरबीचं असतं. खरंखुरं शिवराक रामेन होतं, आणि उत्तम होतं : कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांचं पाणी. या दोघांची उमामी एकत्र आली की नुसती बेरीज होत नाही, कित्येक पटींनी वाढते. त्यात भाजलेला टोमॅटो किंवा सोयाचं दूध आलं तर मामींचा गुरुवार आनंदात जातो. पण ते आधी सांगावं लागतं.

दुसरा प्रश्न : “हाडं कुणाची?” तोन्कोत्सु म्हणजे डुकराची हाडं, हे नावातच आहे. फ्रेंच बाजूनं मात्र घोळ होतो. फ्रेंच स्वयंपाकघरातला गडद रस्सा पारंपरिक रीतीनं वासराच्या हाडांचा. गोव्यात बीफ सहज मिळतं, त्यामुळे वर बदक असलं तरी त्यावरचा सॉस बीफच्या पाण्याचा असू शकतो. ज्यांना चालतं त्यांनी खुशाल खावं, ज्यांना नाही त्यांनी आधी विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही, चांगल्या ठिकाणी उलट शेफ स्वतः बाहेर येऊन सांगतो.

तिसरा प्रश्न दारूचा. मिरिन आणि साके (दोन्ही तांदळाच्या जपानी दारू, मिरिन गोड), वाईन, ब्रँडी यांपैकी काहीतरी सॉसात किंवा अंड्याच्या मुरवणीत असतंच असतं. शिजताना बरंचसं उडून जातं, सगळं नाही.

ॲलर्जी असेल तर यादीच द्या. नूडल्स गव्हाच्या, सोया सॉसमध्येही बहुधा गहू. कवचाच्या मासळीची ॲलर्जी असणाऱ्यानं बिस्कच्या वाटेलाच जाऊ नये. नूडल्सचा पिवळा रंग बघून अंडं आहे असं धरून चालू नका, तसंच नाही असंही धरून चालू नका. तो रंग बहुतेकदा क्षाराचा असतो. कणीक मळायच्या पाण्यात ‘कान्सुई’ घालतात, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं मिश्रण, म्हणजे आपल्या पापडखाराचं चुलत भावंड. त्यानं पीठ पिवळसर होतं, चिवट होतं आणि गरम रश्श्यात लगेच विरघळत नाही. पापड लाटलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

काय मागवावं

पहिल्या वेळी साधं. सगळ्यांत लांब वर्णनाचा वाडगा सोडून द्या. ट्रफल, फोम, खाण्याची फुलं, सोन्याचा वर्ख असलं काही दिसलं की मी पान उलटते. रस्सा कसा आहे ते शिओ किंवा कोंसोमेसारख्या स्वच्छ वाडग्यात कळतं, तिथं लपायला जागा नसते. दाट आवडत असेल तर पाइतान. आपल्या लोकांना, म्हणजे हुमण-शीत जेवणाऱ्यांना, सुंगटांचा बिस्क पहिल्या घासात कळतो. गोलमोची किसमूर खाऊन वाढलेल्या माणसाला सुक्या सुंगटाचा वास ओळखीचा असतोच. फक्त तिरफळ शोधू नका.

माणशी एक वाडगा, आणि मधे वाटून खायला एखादीच गोष्ट. “एक वाडगा तिघांत” ही आपली काटकसर इथं चालत नाही. वाटावाटी होईपर्यंत नूडल्स फुगतात. एका वाडग्याच्या पैशांत दोन माणसांची माशांची थाळी येते हे मलाही दिसतं. पण ते पैसे वरच्या दोन कापांचे नसून त्या पातेल्याखाली जळलेल्या गॅसचे आहेत. मुलांसाठी वेगळ्या वाटीत थोडं काढून द्या, म्हणजे निवेल.

वरच्या सजावटीत बांबूचे आंबवलेले कोंब, म्हणजे ‘मेन्मा’, असतील. पावसाळ्यात आपल्याकडे किल्ल करतो तेच कुळ, चव सौम्य. अंडं सहा-सात मिनिटं उकडून सोया सॉस-मिरिनमध्ये मुरवलेलं असतं, आतला पिवळा बलक मधासारखा. कच्चं राहिलंय म्हणून परत पाठवू नका. आमच्या सासूबाईंनी पाठवलं होतं. दुसरं आलं, तेही तसंच.

प्यायला काय? दाट रश्श्यावर आंबट हवं. कोकम सोडा असेल तर तो घ्या, कोरड्या पांढऱ्या वाईनचं काम तो निम्म्या पैशांत करतो. दारू घ्यायची तर गोव्यात वय २१ पूर्ण लागतं, आणि गाडी कोण चालवणार हे आधी ठरलेलं असू दे.

वाडगा आल्यावर

फोटो एक. दोन नाही. घड्याळ सुरू झालेलं असतं, सात-आठ मिनिटांत नूडल्स नरम पडतात.

आधी चमचा उचला, काड्या नको. वरवरचा रस्सा घ्या, तोंडात क्षणभर धरा. पहिल्यांदा तेलाचा वास येतो, मग मीठ, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे जे रेंगाळतं ते दाशीचं किंवा हाडांचं. चांगला रस्सा ओठांना किंचित चिकटतो, पायाच्या सुपासारखा. तो हाडांतला जिलेटिन. चिकटपणा नसून नुसता खारटपणा असेल तर तुम्ही पुडीचे पैसे देताय असं खुशाल समजा. तिखटाची बाटली, लसूण, तीळ वगैरे टेबलावर असेल तर या पहिल्या दोन चमच्यांनंतरच हात लावा. मामांनी चाखण्याआधीच मिरचीचं तेल ओतलं होतं, आणि मग पंधरा मिनिटं नाक पुसत “बाकी बरं आहे” म्हणत होते. पेजेचा शोध त्यांना माझ्या वाडग्यातून लागला.

काड्या धरायची पद्धत : खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात घट्ट बसवा, तिचं टोक अनामिकेवर टेकवा. ही काडी हलत नाही. वरची पेनासारखी धरा, हलते ती हीच. बहुतेकजण दोन्ही हलवतात आणि म्हणून घास निसटतो. तीन-चार नूडल्सच उचला, डाव्या हातातला चमचा खाली धरा आणि वाकून तोंड वाडग्याजवळ न्या. वाडगा दूर ठेवून ताठ बसाल तर शर्ट गेलाच. जमत नसेल तर काटा मागा, कुणी हसत नाही.

दोन गोष्टी मात्र टाळा. काड्या भातात किंवा वाडग्यात उभ्या खोचून ठेवू नका, आणि एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास देऊ नका. जपानात पहिलं मृताच्या नैवेद्याशी जोडलेलं आहे आणि दुसरं दहनानंतर अस्थी उचलण्याशी. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवायच्या गोष्टी जेवताना काढू नयेत, तसंच.

आणि आवाज. घरी आमटी-भाताचा भुरका मारला की आई डोळे वटारायची. रामेनला भुरका मारायचा असतो. वाफाळती नूडल तोंडात जाताना थोडी निवते आणि वास नाकाच्या मागच्या बाजूनं वर चढतो, म्हणून चव जास्त लागते. फ्रेंच रीत याच्या अगदी उलटी, तिथं सुपाचा आवाज म्हणजे असभ्यपणा. मग अशा मिश्र ठिकाणी काय करायचं? मी माझ्यापुरता तह केलाय. वाडगा समोर असताना जपान, बाकीच्या ताटल्यांना फ्रान्स. मामांना तहाची गरज पडली नाही. डिचोलीत ते जसे कढी पितात तसेच प्यायले, आणि त्या अख्ख्या खोलीत सगळ्यांत बरोबर तेच खात होते.

नूडल्स संपल्या आणि रस्सा उरला तर ‘काएदामा’ मिळतं का विचारा, म्हणजे नूडल्सची जादा गुंडी. त्यासाठी रस्सा आधीच पिऊन टाकू नका. काही ठिकाणी शेवटी भात देतात. आम्ही गेलो तिथं फ्रेंच रीतीचा पाव द्यायचे, वाडगा पुसायला. एका पावसाळी दुपारी तो पाव संपला होता, म्हणून त्यांनी कोंड्याची गरम पोई आणून दिली. ती फाडून बिस्कमध्ये बुडवली आणि मामांनी विचारलं, “हे मेनूकार्डावर का नाही?” मलाही कळलेलं नाही.

रस्सा संपवायलाच हवा असं मुळीच नाही. मीठ सगळं त्यातच असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी नूडल्स आणि सजावट खावी, रस्सा अर्ध्यावर सोडावा. शेफला वाईट वाटत नाही.

बिल आणि पार्सल

साध्या, स्वतंत्र रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के. महागड्या हॉटेलाच्या आतलं रेस्टॉरंट असेल तर १८ असू शकतो. ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ परस्पर जोडलेली दिसली तर काढायला सांगता येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. शांतपणे सांगा, काढतात. वाढणाऱ्या मुलाला द्यायचं ते हातात द्या.

पार्सल शक्यतो नको. न्यायचंच असेल तर रस्सा आणि नूडल्स वेगळ्या डब्यांत मागा, आणि नूडल्स घरी उकळत्या पाण्यातून अर्धा मिनिट काढा. नुसता रस्सा मात्र दुसऱ्या दिवशीही छान लागतो. त्या पहिल्या वेळी मामांनी उरलेला पाइतान डब्यातून डिचोलीला नेला होता. सकाळी मामींनी फ्रिज उघडला तर डब्यात खरवसासारखं काहीतरी थरथरत होतं. हाडांतला जिलेटिन थंडीत असा गोठतो, रस्सा चांगला असल्याची ती खूण, मंद आचेवर ठेवला की दोन मिनिटांत पातळ होतो. पण हे सांगायला मी तिथं नव्हते. मामींनी वास घेतला, देवाचं नाव घेतलं आणि सगळा मोरीत ओतला.